ऐकलं का, पोट्टी म्हणे साधं बी.ए. करणार!

बातमी उभ्याने ऐकण्यासारखी नाही, आधी बसून घ्या. तुकूममधल्या एका खात्यापित्या घरची पोट्टी, बारावी सायन्सला ऐंशीच्या वर टक्के, परवा सगळ्यांदेखत म्हणाली, मी इतिहास घेऊन बी.ए. करते आणि मग तीन वर्षांचं लॉ. इथेच, चंद्रपुरात. पुणं नाही, नागपूर नाही, क्लॅट नाही, काही नाही! तिच्या आईनं भर दुपारी दारं-खिडक्या लावून घेतली म्हणे. आमच्या घरचे म्हणतात, मे महिना आहे, झळा लागतात म्हणून लावली असतील. पुरुषमाणसांना अशा गोष्टींतलं काही कळत नाही.

बी.ए.! अहो, हा शब्द आमच्या कॉलनीत चारचौघांत शेवटचा कधी उच्चारला गेला ते आठवावं लागेल. तशा आम्ही लाटा काय कमी पाहिल्या? एके काळी डी.एड. होतं. गल्लोगल्ली डी.एड. कॉलेज आणि घरोघरी होऊ घातलेले गुरुजी. गुरुजींची भरती थांबली, कॉलेजांना कुलपं लागली. मग इंजिनिअरिंग आलं. बाजाराची थैली उचलायला नाक मुरडणारं पोरगंही मेकॅनिकल करून आलं आणि ऊर्जानगरच्या गेटात कंत्राटदाराकडे हजेरी लावू लागलं. मग पोलीस भरती, मग एमपीएससी. आणि आता ही नवी साथ. एक तर काळा कोट, नाहीतर सीए. तिसरं काही कुणाचं पोरगं करतच नाही. करत असेल तर घरचे सांगत नाहीत.

बरं, काळा कोट म्हणजे नुसतं ‘लॉ करतो’ म्हणून सुटका नाही. ‘थ्री इयर का फाइव्ह इयर?’ हा पहिला सवाल. थ्री इयर म्हटलं की समोरची बाई म्हणते, “असू द्या, तेही चांगलंच असते.” त्या ‘तेही’मध्ये तुमच्या सात पिढ्यांची कीव भरलेली असते. फाइव्ह इयर म्हटलं की दुसरा सवाल, “पुढे काय लावलं?” म्हणजे एलएल.बी.च्या अगोदर कोणती अक्षरं. बी.ए. एलएल.बी., बी.बी.ए. एलएल.बी., बी.कॉम. एलएल.बी., शिवाय मुंबईवाल्यांचं बी.एल.एस. आहेच. साडी घेताना पोत सोडून काठच बघत बसावं, तसं या दोन-तीन अक्षरांवर आमच्याकडे तास तास चर्चा चालते. वरच्या मजल्यावरच्या मावशींचा सिद्धान्त असा की बी.बी.ए.वाला थेट कंपनीत जाऊन एसीत बसतो आणि बी.ए.वाला कोर्टाच्या व्हरांड्यात. हे त्यांना कोणी सांगितलं? नागपूरच्या क्लासवाल्यानं. क्लासवाल्याला कोणी सांगितलं? हे विचारायचं नसतं.

आता मी एक गोष्ट सांगते, पण माझं नाव सांगू नका. ती अक्षरं कोर्टात कुणी बघत नाही! वकीलपत्रावर त्यांच्यासाठी रकानाच नाही. बार कौन्सिलचे २००८ सालचे नियम आहेत. तीन वर्षांच्या लॉला कुठल्याही विषयातली पदवी चालते, खुल्या गटाला ४५ टक्के, राखीव गटांना त्याहून कमी. इतिहास चालतो, वनस्पतिशास्त्र चालतं, गृहविज्ञान चालतं. ४५ टक्के! ज्या घरात ९१ टक्क्यांना ‘कुठे कमी पडलास?’ म्हणून विचारतात, त्या घरात हा आकडा मोठ्यानं वाचायची सोय नाही. मी एकदा वाचला, तर मावशी म्हणाल्या, “तुमचा काही तरी गैरसमज होऊन रायला.”

आणि हे फाइव्ह इयर काही वेदकाळापासून चालत आलेलं नाही. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ सालची, प्राध्यापक माधव मेनन यांच्या देखरेखीखालची. तिथून ही पाच वर्षांची टूम देशभर गेली. त्याआधी जो तो आधी काहीतरी शिकायचा, मग लॉ करायचा. आपल्या विदर्भाचंच घ्या. २०२५ साली सरन्यायाधीश झालेले भूषण गवई अमरावतीचे. पदवी कॉमर्सची, लॉ अमरावती विद्यापीठातून. त्यांच्याआधी सरन्यायाधीश झालेले शरद बोबडे नागपूरचे, बी.ए. आणि मग एलएल.बी., दोन्ही नागपूर विद्यापीठाच्या. साधं बी.ए., बरं का! त्यांच्या घरी त्या दिवशी कुणी दारं-खिडक्या लावून घेतल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही. आणि आपल्या चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर १६ ऑक्टोबर १९५६ ला जे उभे होते, त्यांच्या पदव्या मोजायला बसलात तर सकाळची संध्याकाळ होईल. त्यात एम.ए. आहे, पीएच.डी. आहे, डी.एस्सी. आहे, आणि सगळा भर अर्थशास्त्रावर. रुपयाच्या प्रश्नावर जाडजूड प्रबंध लिहिणारा माणूस बॅरिस्टर झाला आणि देशाची घटना घडवायला बसला. त्या दिवशीच्या सोहळ्यात पुढाकार होता तो चांद्याच्याच राजाभाऊ खोब्रागड्यांचा. तेही बॅरिस्टर, पुढे राज्यसभेचे उपसभापती. आता यांना कुणी ‘पुढे काय लावलं होतं हो?’ म्हणून विचारून बघा.

पण लाटेला कुणी दाखले दिले म्हणून लाट ओसरते का? बारावीच्या आधीपासूनच क्लॅटची तयारी. दोन तासांत १२० प्रश्न, चुकलं की पाव मार्क गेला, आणि पेपर इंग्रजीत. त्यातच गणित! गणिताच्या भीतीनं सायन्स सोडून लॉकडे पळालेल्या एका भाच्याला हे दिवाळीत कळलं. लाडू हातातच राहिला त्याचा. राज्याची सीईटी २०१६ पासून वेगळी. ती मराठीतही असते, म्हणून ती देणाऱ्याकडे लोक जरा तिरकेच बघतात. मराठीतून कायदा! उद्या म्हणाल, तालुक्याच्या कोर्टात मराठीतून काम चालतं! (चालतं.)

आता पैशाचं ऐका, इथेच खरी फोडणी आहे. क्लॅटचा नुसता फॉर्म भरायला खुल्या गटाला ४,००० रुपये. फक्त फॉर्म! प्रवेश मिळेल न मिळेल, तो पुढचा भाग, आणि मिळाला तर वर्षाची फी लाखांत. आणि सगळं शिकून, पास होऊन, वकिलीची सनद घ्यायला किती? सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला निकाल दिला की १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात लिहिली आहे तेवढीच नोंदणी फी घ्या. ती आहे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये उकळत होते, तेव्हाच तर प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं. म्हणजे बघा हं, वकील होता येईल का हे विचारायला ४,००० आणि वकील व्हायला ७५०. आमच्या भागात हे गणित कुणी मांडत नाही, कारण क्वांटिटेटिव्ह टेक्निक्सच्या क्लासची फी वेगळी असते.

बरं, वकील तरी व्हायचंय कुणाला? निम्म्यांना तर थेट जज्ज व्हायचं होतं. आई-बापांचा आराखडा तयार होता. पाच वर्षं लॉ, मग एक वर्ष पुण्यात क्लास, मग जेएमएफसीची परीक्षा, मग लाल दिव्याची गाडी. (लाल दिवा २०१७ सालीच गेला, पण आराखड्यातून अजून गेलेला नाही.) आणि २० मे २०२५ ला काय झालं? सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं असेल तर आधी तीन वर्षं वकिली करा. २००२ साली हीच अट काढली होती, ती परत आणली. तेवीस वर्षं खुला असलेला रस्ता एका दिवसात बंद! कुणी बंद केला? अमरावतीच्याच सरन्यायाधीशांच्या पीठानं. आपल्याच माणसानं. रामनगरमध्ये त्या संध्याकाळी दोन घरी स्वयंपाक झाला नाही म्हणतात. एकीकडे गॅस संपला होता, ते सोडा.

तीन वर्षं वकिली म्हणजे काय, तर कुणा तरी सीनियरच्या टेबलाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, फाइलींना दोरे बांधायचे, तारखा टिपायच्या, आणि सीनियर खर्रा घोटत असेल तेव्हा पक्षकाराला ‘साहेब येऊन रायले’ म्हणून थोपवून धरायचं. हे कुठल्या सिलॅबसमध्ये आहे? कुठल्याच नाही. पण याच्याशिवाय वकील होत नाही, हे कोर्टासमोरचा चहाटपरीवालाही सांगेल. २०२४ च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियानं परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत. द्यावेत, म्हणजे शिफारस. एका वकीलसाहेबांना हे त्यांच्या ज्युनियरनं वाचून दाखवलं. साहेबांनी विचारलं, “चंद्रपूर कशात मोडते?” महानगरपालिका २०११ पासून आहे, म्हणजे शहरात मोडायला हवं. साहेब म्हणाले, “मले तर अजून चांदाच वाटते.” विषय तिथेच संपला.

आणि वेशभूषा! इंस्टाग्रामवर तो काळा कोट काय झकास दिसतो. पण चांद्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, तो अंगावर चढवून दाखवा. बार कौन्सिललाही दया आली आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतर कोर्टांत उन्हाळ्यात कोटाची सक्ती नाही. म्हणजे ज्या कोटासाठी पाच वर्षं आणि कित्येक लाख घातले, तो चैत्र-वैशाखात खुंटीला. एका आईनं तर मला कानात विचारलं, “मग लोकाईले समजते कसं, का हा वकील आहे म्हणून?”

शिवाय जे पाठ केलं तेही टिकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. तीनशे दोनचं एकशे तीन झालं. आणि चारशे वीस? आपली जन्मापासूनची ओळखीची चारशे वीस? ती आता तीनशे अठरामध्ये. अहो, भांडणात शिवी कोणती द्यायची ते तरी सांगा! ‘तू मोठा तीनशे अठरा आहेस’ म्हटलं तर समोरचा आभार मानायचा. तीस वर्षं वकिली केलेले आणि काल सनद घेतलेले, दोघंही नवं पुस्तक उघडून एकाच बाकावर बसलेत. अशा वेळी बी.बी.ए. की बी.ए., हा वाद कुठल्या कलमाखाली घालायचा?

आता सीएकडे वळते, पाणी प्यायचं तर पिऊन घ्या. कारण लॉचं काहीच नाही, असं प्रकरण इथे आहे.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींचा नातू कॉमर्सला गेला. बारावी झाली. आजी मला विचारतात, “आता कोणती डिग्री घ्या लागते सीए व्हायले?” मी म्हटलं, आजी, कोणतीच नाही. आजी हसल्या. मी म्हटलं, खरंच नाही. बारावी, मग फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग आर्टिकलशिप, मग फायनल. झाला सीए. डिग्री लागत नाही. आजींनी चष्मा काढला. “डिग्री नाही?” नाही. “मग पोरगा कालेजात जाते काहून?” बी.कॉम. करतो ना, बाजूनं. “बाजूनं म्हंजे?” म्हणजे नावाला. आजींना जो धक्का बसला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. त्यांनी लगेच सुनेला हाक मारली आणि पोराच्या कॉलेजच्या फीचा, डब्याचा, पेट्रोलचा हिशेब मागितला. घरात सीए तयार व्हायच्या आधीच ऑडिट सुरू झालं.

आणि पुढचं तर आणखी गंमतशीर आहे. २०२१ साली यूजीसीनं सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानलं. म्हणजे कल्पना करा, एखाद्यानं बी.कॉम. अर्धं सोडलं आणि सीए झाला, तर त्याला पदवी नाही पण तो पदव्युत्तर! खालचा मजला न बांधताच वरच्या मजल्यावर राहायला गेला. लग्नाच्या बायोडेटात शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं, यावर एका घरात म्हणे काका आणि मामा अजून बोलत नाहीत.

ही संस्था काही कालपरवाची नाही. चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा १९४९ चा, संस्था सुरू झाली १ जुलै १९४९ ला, म्हणजे राज्यघटना अमलात येण्याच्याही आधी. तेव्हापासून ती पोरांना नापास करते आहे आणि तेव्हापासून तिचा रुबाब वाढतोच आहे. २०२४ च्या जूनमधल्या फाउंडेशनमध्ये पंधरा टक्क्यांच्या आसपास पास झाले. शंभरातले पंधरा! प्रत्येक पेपरात चाळीस हवेत आणि एकूण पन्नास टक्के, त्यामुळे तीन विषयांत झेंडे लावलेलं पोरगं चौथ्यात एकोणचाळीसवर आपटतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. इतकंच असतं तरी चाललं असतं. पण पूर्वी परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची, आता तीनदा होते. पोरांसाठी चांगलं, संधी वाढल्या. पण आयांचं काय? आधी वर्षातून दोनदा शेजाऱ्यांना तोंड द्यावं लागायचं, आता तीनदा. जानेवारी संपते न संपते तर मे, मे संपला की सप्टेंबर. एका काकूंनी त्यावर तोडगा काढला आहे. कुणी विचारलं की त्या म्हणतात, “चालू आहे.” चौथं वर्ष आहे, चालू आहे. या जिल्ह्यात इतकी वर्षं इतकं अखंड काही चालू असेल तर ते औष्णिक वीज केंद्र.

जुन्या सीएंचं दुखणं वेगळंच. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आली. एक काका, सीए, आता साठीचे, हे ऐकून अक्षरशः उठून उभे राहिले. “आम्ही तीन वर्षं बॅगा उचलल्या! बल्लारपूरच्या पेपर मिलच्या गोदामात बांबू मोजले!” मोजले असतील. या भागात हिशेब तपासायला काय कमी आहे? वेकोलिच्या खाणी, गडचांदुराकडचे सिमेंटचे कारखाने, भद्रावतीची आयुध निर्माणी, आता सुरजागडचं लोखंड आणि कोनसरीचा पोलाद कारखाना. पण काकांना राग दोन वर्षांचा नाही, त्यांची तीन वर्षं फुकट गेली याचा आहे.

थांबा, सीएमधलं सगळ्यात मोठं लफडं अजून सांगायचंच आहे. पदवीधराला फाउंडेशन द्यावीच लागत नाही! कॉमर्सच्या पदवीला ५५ टक्के असले तर थेट इंटरमीजिएटला नाव घालता येतं. आणि कॉमर्सचा नसला तरी? तरी येतं, ६० टक्के हवेत. म्हणजे इतिहासात बी.ए. केलेली मुलगी साठ टक्के घेऊन थेट इंटरला बसू शकते, आणि अकरावीपासून कॉमर्स कॉमर्स करणारा बहाद्दर तिकडे फाउंडेशनच्या तिसऱ्या फेरीत अडकलेला. हे मी भिशीत सांगितलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाली, “हे असं सगळ्यांत सांगत नको जाऊ, पोरं ऐकतात.”

एकच करून ज्यांचं पोट भरत नाही, त्यांच्यासाठी जोडजोड आहे. सीए आणि एलएल.बी., सीएस आणि एलएल.बी., वर एम.बी.ए.चा तुरा. आर्टिकलशिप चालू असताना दुसरा कोर्स करायचा तर सीएच्या संस्थेची परवानगी काढावी लागते, ऑफिसच्या वेळेत कॉलेज आलेलं चालत नाही, हे फॉर्म भरेपर्यंत कुणाला माहीत नसतं. पण दारावरची पाटी मात्र आधीच डोक्यात तयार असते. एका घराच्या पाटीवर इतकी अक्षरं मावायची आहेत की त्यांनी आधी फाटक रुंद करून घेतलं.

कॉलेजंही काही कमी नाहीत. २०२४ साली बी.बी.ए., बी.एम.एस. वगैरे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या छत्राखाली गेले आणि राज्यानं त्यांना सीईटी लावली. मग काय झालं? राज्यात कित्येक कॉलेजांनी कोर्स तोच ठेवला आणि नाव बदललं. बी.एम.एस.चं झालं बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज, आणि सीईटीचं विघ्न टळलं. नावच बदलायचं तर ते सासरी आलेल्या सुनेचं बदलतात, असा आमचा समज होता. त्यात आता नव्या शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची ऑनर्स. २०२४ पासून संलग्न कॉलेजांतही आली. तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चार, हा नवाच घोळ. गोंडवाना विद्यापीठ २०११ साली नागपूर विद्यापीठातून वेगळं निघालं, तेव्हाही घराघरांत असंच वादळ उठलं होतं. “गडचिरोलीची डिग्री?” म्हणून. जणू डिग्रीवर रानडुकराचा ठसा असतो. गावात लॉ कॉलेज आहे, तेही शांताराम पोटदुख्यांच्या नावाचं, जे दिल्लीत अर्थखात्याचे राज्यमंत्री होते. म्हणजे कायदा आणि हिशेब दोन्ही एकाच पाटीवर, जटपुरा गेटच्या गर्दीतून निघालात तरी वेळेत पोहोचाल. पण नाही, पोरगं नागपूरला खोली करूनच राहिलं पाहिजे. दीडशे किलोमीटरवर गेल्याशिवाय कायदा अंगी लागत नाही म्हणतात.

आणि आता तुम्हाला गडचिरोलीकडची खबर देते. ही ऐकून क्लासवाले माझ्या घरावर मोर्चा आणतील. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड गाव आहे, घरं शंभराच्या आसपास. तिथे कुणी क्लॅट दिली नव्हती, कुणाच्या नावापुढे अक्षरं नव्हती. त्यांनी काय केलं? अभ्यासगट काढले. संध्याकाळी बसायचं, कायदा वाचायचा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना विचारायचं, आणि सगळ्यांना पटेपर्यंत निर्णय घ्यायचा नाही. बहुमत नाही, सगळ्यांना! आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचा रंग तीन वर्षं ठरत नाही. २००६ चा वनहक्क कायदा आला, आणि २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात सगळ्यात आधी मिळालेल्यांपैकी हे गाव.

मग आला बांबूचा खटका. १९२७ च्या वन कायद्यानं बांबू झाडात धरलेला, आणि वनहक्क कायद्यानं तो गौण वनोपजात धरलेला. मग विकायचा अधिकार कुणाचा, आणि वाहतुकीचा पास कोण देणार? हा प्रश्न एखाद्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीच्या पेपरात वीस मार्कांना येईल. मेंढ्याच्या लोकांनी तो चावडीवर सोडवला, आणि २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात येऊन वाहतूक पासांचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात देऊन गेले. गावाचे पुढारी देवाजी तोफा यांना कुणी विचारलं नाही, की काका, थ्री इयर का फाइव्ह इयर?

जंगलाचा हक्क आला की पैसा येतो, पैसा आला की हिशेब येतो. आणि इथे कॉमर्सवाल्यांनी कान टवकारावेत. आपल्या रानातला तेंदूपत्ता १९६१ च्या आयकर कायद्यात नावानिशी होता, कलम २०६सीमध्ये! विकणाऱ्यानं घेणाऱ्याकडून कर गोळा करायचा आणि सरकारात भरायचा. आता नवा आयकर कायदा आला, त्यात कलमाचा आकडा बदलला, पण पान तेच. उन्हाळ्यात पहाटे उठून बाया जे पान तोडतात, घरी आणून सत्तर-सत्तरचा पुडा बांधतात, ते पान दिल्लीच्या पुस्तकात छापलेलं आणि नागपूरच्या खोलीत एसी लावून कुणीतरी पाठ करतं आहे, ‘टेंडू लीव्ह्ज’ म्हणून. कोरची, कुरखेडा, एटापल्लीकडे ग्रामसभा स्वतः पत्त्याचा लिलाव करतात. त्या विकणाऱ्या ठरल्या. म्हणजे पॅन आलं, टॅन आला, तिमाही विवरणपत्रं आली, ठेकेदार पैसे द्यायला टाळाटाळ करू लागला की नोटीस आली, कोर्ट आलं. एवढं काम पडलं आहे तिकडे, आणि करणारा माणूस शोधायला लोक एसटीनं चंद्रपूर गाठतात.

एक पोरगा गेला म्हणे तिकडे. माझ्या नात्यातला नाही, उगीच शंका घेऊ नका. बी.कॉम. साध्या कॉलेजातून, इंटर दोनदा हुकलेली, मग लॉला नाव घातलं, तेही तीन वर्षांचं. एका ग्रामसभेच्या वह्या लिहून द्यायला गेला. चटईवर बसवलं, चहा दिला. पोरानं पिशवीतून मार्कशीटा काढल्या. कुणी हात लावला नाही. एका म्हाताऱ्यानं एकच विचारलं, “गोंडी येते का?” थोडी थोडी येते म्हणाला. “मंग बस.” आता तो दर पंधरवड्याला जातो. विवरणपत्रं भरतो, ठेकेदाराला नोटिसा लिहितो, गावातले दोघंजण त्याच्याकडून हिशेब शिकत आहेत. मोबदला वेळेवर मिळतो, हंगामात मोहफुलं आणि चारोळी वेगळी.

त्याच्या आईचं मात्र विचारू नका. मुलाला स्थळं येऊ लागलीत आणि ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, यावर घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात ‘कर सल्लागार’ लिहा. आई म्हणते ‘कॉर्पोरेट लॉ’ लिहा, ग्रामसभाही शेवटी एक बॉडीच असते. मामानं मध्यममार्ग काढला आहे, ‘सीए, एलएल.बी. (दोन्ही चालू)’. छापखान्यात बायोडेटा अडकून पडला आहे तो त्या कंसामुळे.